मदत हवी आहे: चिपाडापासून इथेनॉल, साखर दिसतेय पण यीस्ट खातच नाहीये

काकवी_०७

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरकडची, मायक्रोबायोलॉजी एमएस्सीचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट घेतलाय उसाच्या चिपाडापासून इथेनॉल, आणि दीड महिना झाला गाडी एकाच जागी रुतून बसलीय. विषय मीच हौसेने घेतला, काकांचं गुऱ्हाळ आहे, तिथं चिपाड वाळवून चुलाणात घालतात, म्हटलं त्यातलंच चार मुठी आणू. काका म्हणाले, रस सोडून चोथ्याची दारू गाळणारी तू पहिलीच. असो.

काय काय केलं ते सगळं लिहिते म्हणजे चूक सापडेल. चिपाड वाळवून मिक्सरला बारीक केलं (भांड्याचं पातं गेलं, आईला अजून सांगितलेलं नाही), १० ग्रॅम चिपाडाला १०० मिली २ टक्के सल्फ्युरिक ऍसिड घालून ऑटोक्लेव्हला (लॅबचा प्रेशर कुकर) १२१ डिग्रीवर अर्धा तास ठेवलं, मग फडक्यातून गाळून चोथा टाकून दिला. खाली कोऱ्या चहासारखं पाणी येतं, ते सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ५ वर आणलं आणि डीएनएस (साखर मोजायची रंगाची टेस्ट) केलं तर लिटरला २४ ग्रॅम साखर! त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांना वडापाव दिला.

मग बेकरीचं ड्राय यीस्ट कोमट पाण्यात भिजवून घातलं, ३० डिग्री, ७२ तास. १८० ग्रॅम ग्लुकोजला ९२ ग्रॅम अल्कोहोल या हिशोबाने लिटरला १२ ग्रॅमच्या आसपास यायला पाहिजे होतं ना, तर डिस्टिल करून डायक्रोमेटने अल्कोहोल मोजलं तर फक्त १.३. आणि साखर २४ वरून २१ वर येऊन थांबलीय, पुढं हलतच नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. यीस्ट मेलंय म्हणावं तर तेच पाकीट मळीच्या पाण्यात टाकलं तर सहा तासांत फेस बाहेर. गाईड म्हणतात यीस्ट बदल. बदललं, दुसऱ्या कंपनीचं आणलं, काही फरक नाही. सबमिशनला दोन महिने राहिलेत, जाणकारांनी काहीतरी सांगा प्लीज.

शिफ्टकेमिस्ट

ताई, मी डिस्टिलरीत आहे, मळीवर काम, चिपाडाचा अनुभव नाही त्यामुळं चुकलं तर सांगा. मळीत साखर तयार असते, वर क्षार-बिर पण असतात म्हणून यीस्ट पळतं, तरी आम्ही नायट्रोजनसाठी युरिया आणि डीएपी खत देतोच. तुमच्या पाण्यात नायट्रोजन काय आहे? दुसरं म्हणजे बॅक्टेरिया घुसलेत का बघा, आंबट वास येतो, पीएच घसरतो, आमच्याकडं उन्हाळ्यात हीच डोकेदुखी.

काकवी_०७

दादा, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि अमोनियम सल्फेट दोन्ही घातलंय. पीएच ५ चा ४.८ झाला फक्त. स्लाइड बघितली, यीस्टच दिसतंय, बाकी कोणी नाही.

आंबवण

तुझं यीस्ट बरोबर आहे, मोजमाप फसवतंय.

डीएनएसला ग्लुकोज आणि झायलोज या दोन साखरांतला फरक कळत नाही, रिड्यूसिंग साखर दिसली की रंग देतं. आणि तू जे ऍसिड दिलंस ना, त्यानं मुख्यतः चिपाडातलं हेमिसेल्युलोज फुटतं, त्यातून निघतं ते झायलोज. बेकरीचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, ते झायलोजला तोंडसुद्धा लावत नाही. म्हणजे तुझ्या २४ मधले २१ बहुतेक झायलोज आणि थोडंफार अरॅबिनोज (तसलीच दुसरी साखर). ज्यातून ग्लुकोज निघतं ते सेल्युलोज इतक्या सौम्य ऍसिडला फारसं दाद देत नाही, ते तू फडक्यावर राहिलेल्या चोथ्यात टाकून दिलंस! १० ग्रॅम चिपाडात साधारण ४ ग्रॅम सेल्युलोज धर, पूर्ण फुटलं तर साडेचार ग्रॅमच्या जवळपास ग्लुकोज. खरा माल कचऱ्यात गेला.

खात्री करायची तर पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातली साखर बघायला जीओडी-पीओडी किट वापरतात ते आण, ते ग्लुकोजच मोजतं. सॅम्पल न्यूट्रल करून पातळ करून घे. मळीसारखाच एक कंट्रोल साध्या ग्लुकोजच्या पाण्यात पण लाव. आणि फ्लास्क रोज वजन कर, जेवढा कार्बन डायऑक्साइड उडाला त्याच्या १.०४५ पट अल्कोहोल, फुकटात क्रॉसचेक होतो.

पुढचं: ऍसिडने ऍसेटिक ऍसिड, फरफुरल वगैरे पण सुटतात, ते यीस्टला जाचतात. पीएच ५ ऐवजी ५.५ ते ६ ठेव, कारण ऍसेटिक ऍसिड कमी पीएचला पेशीत जास्त शिरतं. फारच त्रास झाला तर चुन्याने पीएच १० पर्यंत नेऊन जिप्सम गाळून टाक आणि परत खाली आण, थोडी साखर जाते पण पाणी निवळतं. झायलोज आंबवायचंच असेल तर शेफरसोमायसिस स्टिपिटिस हे यीस्ट लागेल, जुनं नाव पिचिया. पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हे सूक्ष्मजीवांचं कल्चर कलेक्शन आहे तिथं विचार, पण त्याला थोडी हवा लागते, घट्ट बूच लावून बसू नकोस.

काकवी_०७

किट आणलं, आत्ताच रीडिंग घेतलं. आंबवायच्या आधी ग्लुकोज लिटरला ३.१ ग्रॅम, नंतर शून्य!! म्हणजे ३.१ ला ०.५१ ने (९२ भागिले १८०) गुणलं तर जास्तीत जास्त १.५८, आणि मला मिळालं १.३, म्हणजे ८२ टक्के. बिचाऱ्या यीस्टने जेवढं होतं तेवढं सगळं खाल्लं आणि दीड महिना मी त्यालाच शिव्या देत होते. गाईडना दाखवलं, ते गप्पच झाले, मग म्हणाले बरं झालं.

आता यावेळचा चोथा जपून ठेवलाय फ्रीजमध्ये, धुऊन पीएच ४.८ ला आणायचाय. प्रश्न असा की सेल्युलोज फोडणारं सेल्युलेज एन्झाइम ५० डिग्रीला चांगलं चालतं आणि यीस्ट तिथं मरतं, तर दोन्ही एकत्र करू की आधी फोडून मग आंबवू? आणि एन्झाइमची किंमत बघून छातीत धडकी भरली. मावसभाऊ इचलकरंजीत कापड प्रोसेसला आहे, तिथं कापडाच्या बायोपॉलिशिंगला (वरची लव काढून गुळगुळीत करायला) सेल्युलेज वापरतात म्हणे, तसलं चालेल का?

आंबवण

पहिल्यांदा वेगवेगळंच कर, ५० ला ४८ तास फोड, मग ३० ला आंबव, म्हणजे कुठं अडलं ते कळेल. एकत्र करायचं तर ३७ च्या आसपास, किंवा क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस हे यीस्ट वापर, ते उष्णता सोसतं. कापडाचं एन्झाइम चालेल पण त्याची ऍक्टिव्हिटी स्वतः फिल्टर पेपरवर (तो सेल्युलोजच असतो) मोजून घे, डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नको. त्यात बीटा-ग्लुकोसायडेज (सेलोबायोजचं ग्लुकोज करणारं एन्झाइम) कमी असलं तर साखर सेलोबायोजवरच, म्हणजे दोन ग्लुकोजच्या जोडीवरच अडकेल, आणि तुझं किट सेलोबायोज दाखवणार नाही, डीएनएस दाखवेल. तेव्हा यावेळी दोन्ही लाव.