ट्रियर एका दिवसात होईल का? येत्या शनिवारी निघायचंय

पंचगंगाकाठ: आईबाबांना जर्मनीतलं ट्रियर हे जुनं रोमन शहर दाखवायचंय. पोर्टा निग्रा ही रोमन वेस, बॅसिलिका म्हणजे रोमन सम्राटाचं दरबार-दालन, रोमन स्नानगृहं, एका दिवसात होईल ना? तिकीट कुठलं काढू? दोन दिवस शोधतोय, जो तो वेगळंच सांगतो. प्लीज लवकर सांगा.

रुळावरून: निघणार कुठून? किती जण?

पंचगंगाकाठ: फ्रँकफर्टहून, चौघं. माझ्याकडे डॉइचलांड-टिकेट आहे, त्यांनाही तेच काढतो.

रुळावरून: नका काढू. ती मासिक वर्गणी आहे, वेळेत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात. क्वेर-डुर्क्स-लांड हे एका दिवसाचं तिकीट घ्या, एका तिकिटावर पाच जण जातात. फक्त आयसीई या वेगवान गाडीत बसू नका. प्रादेशिक गाडीने जा, कोब्लेंझला बदला.

भटक्या: म्हाताऱ्या माणसांना गाड्या बदलायला लावताय? आम्ही भाड्याची कार घेऊन मोझेल नदीच्या काठाने गेलो. दोन्हीकडे द्राक्षमळे, स्वर्ग!

रुळावरून: ते तिकिटाचं विचारतायत.

लेकुरवाळी: जाताच आहात तर लक्झेंबर्गही करा. २०२० पासून तिथे बस, ट्रेन, ट्रॅम सगळं फुकट आहे.

पंचगंगाकाठ: लक्झेंबर्ग नको हो. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तेवढं चालणं झेपेल का सांगा.

रुळावरून: अहो, हे आधी सांगायचं!

मोझेलकाठ: मी सहा वर्षं ट्रियरमध्ये राहतेय. स्टेशनपासून पोर्टा निग्रा दहा मिनिटांवर आहे, पण ती बाहेरूनच दाखवा. आत गोल जिने आहेत. दगड चुन्याशिवाय रचून लोखंडी आकड्यांनी जोडले होते. मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी आकडे उपटले, त्याची भोकं खालूनही दिसतात. ही वेस वाचली ती सिमेऑन नावाच्या ग्रीक साधूमुळे. ११व्या शतकात तो तिथे राहिला, पुढे तिचं चर्च झालं, म्हणून कुणी पाडली नाही. ते चर्च नंतर नेपोलियनने काढायला लावलं. बॅसिलिकेत बाकावर निवांत बसता येतं. ६७ मीटर लांब दालन आणि मधे एकही खांब नाही! काइझरथेर्मेन, म्हणजे रोमन स्नानगृहं, तिथली भुयारं टाळा.

भटक्या: वर चढलं नाही तर पाहिलं काय? माझ्या सासूबाई सत्तरीत चढल्या.

मोझेलकाठ: त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं का?

घाटमाथा: कार्ल मार्क्सचा जन्म ट्रियरचाच, १८१८चा. ते घर सोडू नका.

नाणेवेडा: बाबांना इतिहासाची आवड आहे का?

पंचगंगाकाठ: कोल्हापुरात तीस वर्षं इतिहासच शिकवला. दर वर्षी पोरांना टाउन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातली, रोमहून आलेली पोसायडन या समुद्रदेवाची मूर्ती दाखवायला न्यायचे. म्हणून तर ट्रियर.

नाणेवेडा: मग बाकी सगळं मागे ठेवा, राइनिशेस लांडेसम्युझियम हे ट्रियरचं पुरातत्त्व संग्रहालय आधी! १९९३ मध्ये भुयारी पार्किंगसाठी खोदताना रोमन सोन्याची अडीच हजारांवर नाणी सापडली, साडेअठरा किलो सोनं. ती तिथे आहेत. रोमची मूर्ती पंचगंगेच्या काठी पोचलेली ज्यांनी दाखवली, त्यांना या नाण्यांपाशी घाई करू नका.

मोझेलकाठ: अगदी. बॅसिलिकेजवळची बाग ओलांडली की म्युझियम, फार चालणं नाही.

पंचगंगाकाठ: ठरलं. पोर्टा निग्रा बाहेरून, बॅसिलिका, मग म्युझियम. एक राहिलंच, आईचा शनिवारचा उपास असतो. तिकडे काय मिळेल?

लेकुरवाळी: काही शोधत बसू नका. साबुदाण्याची खिचडी डब्यात न्या, कूट जरा सढळ घाला म्हणजे गार झाल्यावर गोळा होत नाही.

भटक्या: कार असती तर थर्मासही नेता आला असता.