शब्द हवाय: ‘मूर’ला मराठीत काय म्हणायचं?

शेफील्डकर:
आमचा इथल्या मराठी मंडळींचा एक सायकल कंपू आहे. सात-आठ डोकी, त्यात चिपळूणच्या एक काकू. पुढच्या रविवारच्या वाटेचं वर्णन मराठीत लिहून पाठवायचं काम दरवेळी माझ्या गळ्यात पडतं. या खेपेला कट गेट आहे. इंग्लंडातल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातली जुनी वाट. लँगसेटच्या तलावाकाठच्या वुडलंडमधून निघते, उघड्या मूरवर चढते आणि पलीकडे हाउडन धरणाच्या व्हॅलीत उतरते. मी लिहिलं, ‘जंगलातून माळरानावर आणि तिथून दरीत.’ काकूंचं उत्तर आलं, ‘म्हणजे आधी वाघ, मग ऊन आणि शेवटी कडेलोट. मी येत नाही बाबा.’
तर मूर, वुडलंड, व्हॅली. जमल्यास ब्राइडलवेसुद्धा (घोडा आणि सायकल चालते ती वाट). मदत करा.

रानवेडी_सातारा:
मूर म्हणजे आपलं पठार की! कास आठवा. उंचावर, झाड नाही, वारा पिसाट. आमच्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा फुलतो, तुमच्याकडे ऑगस्टात हेदर. दोन्ही जांभळ्याच्या घरातले. पठार लिहून मोकळे व्हा.

रत्नांग्रीकर:
पठार सरकारी वाटतं, भूगोलाच्या पुस्तकातलं. सडा म्हणा, सडा. खाली वाडी, वर सडा. पावसात हिरवागार, शिमग्यापर्यंत करपलेला. सड्यावर गुरं जातात, माणसं कामापुरतीच जातात. तुमच्या मूरचं याहून वेगळं काय असतं?

शेफील्डकर:
सडा ऐकूनच बरं वाटलं. लांबून फोटो काढला तर कुणीही फसेल. पण दादा, तुमच्या सड्यावर पायाखाली जांभा असतो. सायकल खडखडेल, दात वाजतील, पण बुडणार नाही. मूरवर खाली पीट असतं. थंडी, पाऊस आणि आंबट जमीन यांमुळे शेवाळ पुरतं कुजतच नाही, थरावर थर साचत जातो. वर्षाला साधारण १ मिलिमीटर. दिसायला चहाच्या चोथ्यासारखं, काळंकुट्ट आणि पाण्याने टम्म.
मागच्या हिवाळ्यात हेदरच्या दोन झुडपांमधला एक काळा पट्टा मला वाटच वाटला. पुढचं चाक आसापर्यंत आत. म्हणजे ३५-३७ सेंटीमीटर. हिशोब करा, साडेतीनशे वर्षं! चाक थेट १६७४ च्या आसपास, राज्याभिषेकाच्या मुहूर्तावर जाऊन टेकलं आणि मी हँडलवरून पुढच्या शतकात. तेव्हा ‘सडा’ लिहिलं तर काकू टायरमध्ये टणक हवा भरून येतील आणि पहिल्या वळणावर रुततील.

व्याकरणकाका:
मग ‘मूर’च ठेवा. आपल्याकडे ‘मुरणे’ आहेच. जिथे पाणी मुरतं तो मूर. (व्युत्पत्ती नव्हे हो, नाहीतर उद्या कुणीतरी हे शाळेत शिकवेल. इंग्रजी मूरचा आपल्या मुरण्याशी काडीचा संबंध नाही.) पण कानाला पटतं आणि लक्षात राहतं. परका शब्द घेताना एवढी सोय पुष्कळ झाली.

रानवेडी_सातारा:
काका, मुरलेलं पाणी दिसत नाही. इथे तर वर आलेलं दिसतंय. आमच्याकडे पावसाळ्यात शेतातून पाणी वर यायला लागलं की ‘उपळ फुटला’ म्हणतात. उपळट जमीन. बैल घातला तर पोटापर्यंत जातो. ‘मूरवरची उपळट जागा’ असं लिहा, सातारा-कोल्हापूरचा माणूस आपोआप सायकलवरून उतरेल.

शेफील्डकर:
उपळट! हा घेतला. पठार मागे घेतलंत असं धरतो.

व्याकरणकाका:
वुडलंडला जंगल नको, हे काकूंचं बरोबर आहे. राई म्हणा किंवा नुसती झाडी. ‘वन’ लिहिलंत की वनखात्याची पाटी डोळ्यांपुढे येते. ‘रान’ मात्र चालेल.

जुन्नरी:
रान कसं चालेल? आमच्याकडे ‘आप्पा रानात गेलेत’ म्हणजे कांद्याला पाणी द्यायला गेलेत. झाड एक नसलं तरी रानच.

व्याकरणकाका:
गंमत अशी की इंग्रजी ‘फॉरेस्ट’चंही तेच. तो मुळात राजाच्या शिकारीसाठी राखलेला मुलूख, झाडं असोत वा नसोत. त्या पीक डिस्ट्रिक्टमध्येच ‘रॉयल फॉरेस्ट ऑफ द पीक’ होतं आणि त्यातला मोठा भाग उघडाबोडका. तेव्हा नकाशावर फॉरेस्ट दिसलं म्हणून सावलीच्या आशेने जाऊ नये. शेफील्डकर, लँगसेटला कसली झाडं आहेत?

शेफील्डकर:
पाइनची वगैरे, बरीचशी लावलेली. रांगेत उभी, कवायतीसारखी. खाली सुया पडून वाट मऊ झालेली. राई म्हणवत नाही, राई कशी आपोआप वाढलेली, देवाला सोडलेली वाटते. झाडी लिहितो.

जुन्नरी:
आता व्हॅली. दरी अजिबात नको. दरी वरून बघायची, खोऱ्यात राहायचं. दरीत माणूस पडतो, खोऱ्यात नांदतो. आमच्या भागात तर नदीवरून नावं होती, मीना नदीचं मीननेर, कुकडीचं कुकडनेर. तुमच्या त्या नदीचं नाव काय?

शेफील्डकर:
डरवेंट. वर हाउडन, मग डरवेंट आणि खाली लेडीबाऊर, अशी तीन धरणं एकाखाली एक. लेडीबाऊरच्या पाण्याखाली १९४० च्या दशकात डरवेंट आणि अ‍ॅशॉपटन ही गावं गेली.

रानवेडी_सातारा:
मग खोरंच. कोयनेला आमची आजोळची माणसं ‘खोरं बुडालं’ म्हणतात. दरी बुडाली असं कुणाच्या तोंडून ऐकलंय का?

जुन्नरी:
डरवेंटनेर म्हणा की! बरं, थट्टा राहू दे. छोट्या, अरुंद, उभ्या दऱ्या असतील तर त्यांना घळ म्हणा.

शेफील्डकर:
आहेत ना. इथल्या बोलीत त्यांना ‘क्लफ’ म्हणतात. ईडेलजवळ ‘जॅगर्स क्लफ’ आहे. सायकलवाल्यांची कसोटी. दगडांवरून धडाधड खाली, ओढा पार, की लगेच छातीवरचा चढ. जॅगर म्हणजे घोड्यांच्या पाठीवर माल लादून तांडा नेणारा.

रत्नांग्रीकर:
म्हणजे लमाणांची घळ! आपल्याकडे बैल, तिकडे घोडे, पाठीवर गोणी सारख्याच. सायकल दामटताय ती खरी तांड्याची वाट आहे. नाणेघाट चढून गेल्यासारखंच.

शेफील्डकर:
त्या घळीच्या वर होप क्रॉस नावाचा खांब आहे, १७३७ सालचा. चारी बाजूंना चार गावांची नावं कोरलेली. धुक्यात वाट चुकलेल्या तांड्यांसाठी. आम्हीही धुक्यात त्यालाच टेकून केळी खातो.
आता खरी अडचण. ब्राइडलवेला मी आजवर ‘पायवाट’ लिहीत आलो.

व्याकरणकाका:
अहो, घात केलात! इंग्लंड-वेल्समध्ये फूटपाथवर (रस्त्याकडेचा नव्हे, रानाशेतातून पायी जायची वाट) सायकलचा हक्क नाही, ब्राइडलवेवर आहे, तोही १९६८ च्या कायद्यानं मिळालेला. चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, या अटीवर. ‘पायवाट’ वाचून तुमचा कंपू पिवळ्या बाणाच्या वाटेवर घुसला तर शेतकरी शिव्या घालेल आणि त्याचंच बरोबर असेल. ब्राइडलवेला घोडेवाट म्हणा. पायवाट हा शब्द फूटपाथसाठीच ठेवा.

शेफील्डकर:
एकदा ऐकून घेतलंय तेही. कुत्रा घेऊन चाललेल्या एका आजोबांनी शांतपणे बाण दाखवला, पिवळा. घोडेवाटेचा निळा. २००० च्या कायद्यानं मूर सगळ्यांना खुला झाला असं मी समजून चाललो होतो, पण तो हक्क पायी चालणाऱ्यांचा. मराठीत मी ‘कुठूनही जा’ असं लिहून बसलो होतो.

रत्नांग्रीकर:
आणि ‘कट गेट’चं काय करणार? फाटक?

व्याकरणकाका:
मुळीच नको. उत्तर इंग्लंडातल्या नावांत ‘गेट’ म्हणजे रस्ता, जुन्या नॉर्स भाषेतून आलेला. शेफील्डच्या फारगेटमध्ये कुठे फाटक आहे? नाव आहे तसंच ठेवा.

रत्नांग्रीकर:
जिथे चिखल मोडायला दगड बसवलेत, त्या तुकड्यांना तरी पाखाडी म्हणा. कोकणाचं काहीतरी राहू द्या.

शेफील्डकर:
राहिलं! कट गेटच्या दुरुस्तीला सायकलवाल्यांनीच वर्गणी काढून हातभार लावलाय, तेव्हा तेवढा मान पाखाडीला द्यायलाच हवा. तर नवीन मजकूर असा:
‘कट गेट, घोडेवाट (निळा बाण). लँगसेटच्या झाडीतून चढ. वर मूर लागेल. वाट सोडू नये, उपळट जागा आहेत. मध्ये दगडी पाखाडी. मग डरवेंटच्या खोऱ्यात उतार, हाउडनच्या पाण्यापर्यंत. समोरून घोडा किंवा माणूस आला तर थांबावे.’
काकूंना पाठवला. उत्तर आलंय: ‘आता समजलं. उपळट आहे तर जुने बूट घालते. थालीपीठं किती आणू?’