प्रतिसाद: घटना उत्तम, फक्त अंमलबजावणी फसली?

'१९३६ची सोव्हिएत घटना कागदावर उत्तम होती, फक्त अंमलबजावणी फसली' हा वरचा मुद्दा अर्धाच पटतो. पळवाटा मजकुरातच होत्या. कलम १२५ने भाषण, मुद्रण, सभा यांचं स्वातंत्र्य दिलं, पण 'कष्टकऱ्यांच्या हिताला अनुसरून आणि समाजवादी व्यवस्था बळकट करण्यासाठी' या अटीवर. ते हित कशात, हे ठरवणार अर्थातच पक्ष! कलम १२७नुसार अटकेला न्यायालयाचा निर्णय किंवा प्रोक्युरेटरची, म्हणजे सरकारी अभियोक्त्याची, मंजुरी लागे. यातला 'किंवा' बघा, न्यायाधीशाची गरजच संपली.

घटना ५ डिसेंबर १९३६ची. ३० जुलै १९३७ला एनकेव्हीडीचा, म्हणजे गुप्त पोलीस खात्याचा, आदेश क्र. ००४४७ निघाला. त्यात प्रांतवार कोटे होते: सुरुवातीलाच गोळ्या घालायला सुमारे ७६,०००, छावण्यांत धाडायला सुमारे १,९३,०००. पुढे ते वाढवत नेले. निकाल तिघांची 'त्रोइका' देई, आरोपी गैरहजर, वकील नाही. कलम १११मधली खुली सुनावणी आणि बचावाचा हक्क तिथेच संपला. त्रोइकात सहसा स्थानिक एनकेव्हीडीप्रमुख, पक्षाचा सचिव आणि (हे विशेष) तोच प्रोक्युरेटर. दाद मागायची तरी कुठे? कायद्याचा अर्थ लावायचा अधिकार कलम ४९ने सर्वोच्च सोव्हिएतच्या, म्हणजे संसदेच्या, प्रेसिडियमला (तिच्या स्थायी मंडळाला) दिला होता, न्यायालयाला नाही.