दशांश अपूर्णांकांवरूनच शिकवा, नुसत्या टिंबावरून नको

खडूफळा:
परवा इथे एका पालकांनी लिहिलं, "पाचवीत दशांशाआधी अपूर्णांकांचं गुऱ्हाळ कशाला? रुपये-पैसे सगळ्या मुलांना कळतात, तिथून थेट टिंबावर या." बावीस वर्षं गणित शिकवतेय, वाचून राहवलं नाही.

रुपये-पैशांवरून शिकलेलं मूल २.५० म्हणजे दोन रुपये आणि पन्नास पैसे असं वाचतं. टिंबाच्या दोन बाजूंना दोन सुट्या पूर्ण संख्या, एवढंच त्याच्या डोक्यात बसतं. मग २.५ लिहिलं की ते 'दोन रुपये पाच पैसे' होतात. ०.३५ मोठा की ०.४, विचारून बघा. 'पस्तीस चारापेक्षा मोठे', म्हणून ०.३५ हे उत्तर येतं. मी दहा बाय दहा चौकोनांचा कागद देते. एक उभा रकाना म्हणजे १/१०, एक चौकोन म्हणजे १/१००. चार रकाने रंगवा, शेजारच्या कागदावर तीन रकाने आणि पाच चौकोन रंगवा. मग कोणाला काही सांगावं लागत नाही. आणि पैसे उरलेत कुठे? २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ सालीच चलनातून गेली. माझ्या वर्गातल्या मुलांनी ती हातातसुद्धा धरलेली नाहीत.

आठआणे:
तो पालक मीच. समच्छेद, म्हणजे अपूर्णांकांचे छेद सारखे, करता करता माझी मुलगी इतकी रडली की दशांश येईपर्यंत तिला गणिताची धास्ती बसली होती. दशक, एकक, मग उजवीकडे दशांश, शतांश, प्रत्येक घर दहापट लहान. स्थानिक किंमत तिला येते. त्यासाठी ३/७ आणि ५/९ ची बेरीज कशाला यायला हवी?

खडूफळा:
३/७ मी कुठे मागितलं? छेद दहा आणि शंभर, एवढेच पुरेत. पण एककाच्या उजवीकडच्या घराला दशांश का म्हणतात, हे तिला सांगताना 'दहावा अंश'च सांगाल ना? तो अपूर्णांकच झाला.

शिकवणी_संध्याकाळची:
बाई, तुमच्या रस्त्यावरही खड्डे आहेत. माझ्याकडे येणारी काही मुलं १/४ म्हणजे १.४ लिहितात, रेघेच्या जागी टिंब. काही म्हणतात ०.३५ हा ०.२ पेक्षा लहान, कारण शतांश दशांशापेक्षा लहान. ही चूक अपूर्णांकांतूनच येते.

खडूफळा:
येते, नाकारत नाही. पण अपूर्णांक नुसते अंक म्हणून शिकवले, तुकडा दाखवलाच नाही, तर येते.

पावकी_निमकी:
मूळ दुखणं वेगळं आहे. मुलांच्या तोंडून पाव, सव्वा, पाऊण गेले. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा मी तिसरीत होतो. आण्याचे, म्हणजे रुपयाच्या सोळाव्या भागाचे, हिशोबाने सव्वासहा नवे पैसे, दुकानदार सहाच द्यायचा. ते सव्वासहा आम्हाला कोणी समजावलं नाही, कारण पावकीपासून औटकीपर्यंत, म्हणजे पावच्या पाढ्यापासून साडेतीनच्या पाढ्यापर्यंत, सगळं पाठ होतं. माझा नातू ०.७५ ला 'पॉइंट सेव्हन्टी फाइव्ह' म्हणतो. पाऊण म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत राहतो.

खडूफळा:
काका, घोटाळा तिथेच आहे. 'सेव्हन्टी फाइव्ह' म्हटलं की मुलाला पूर्ण संख्या ऐकू येते. 'शून्य पूर्णांक सात पाच' म्हणायला लावा.

पावकी_निमकी:
२०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणलं, तेव्हाही मुलांना सोपं जाईल हेच सांगितलं होतं. भाषा मोडून गणित सोपं होत नाही.

आठआणे:
माझ्या मुलीला 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहायची सवय होती. तीन आधी ऐकू येतो, म्हणून तीन आधी लिहायची. 'साठ तीन' म्हणून ती सवय सुटली. ज्याच्या घरी हा त्रास नाही त्याने बोलू नये.

पावकी_निमकी:
उजळणी रोज घेतली असती तर वेळ आली नसती.

आठआणे:
माझ्या घरात डोकावू नका. आम्ही दोघं पाळ्यांमध्ये काम करतो, रात्री दहाला तिची वही उघडतो. तुमच्या पाठांतराने किती मुलं मागच्या बाकावर गेली, ते कोणी मोजलं का?

पावकी_निमकी:
मागच्या बाकावर मीही होतो. औटकीने मला पुढे आणलं.

दूध_संकलन:
धागा दशांशाचा आहे ना? मी रोज सकाळी दोनशे पावत्या फाडतो. गाईच्या दुधाला फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५. शेतकरी 'तीन-पाच' म्हणतात, एका पॉइंटला दर किती हलतो ते त्यांना पाठ असतं. माझा मुलगा तेच बघत वाढला. परवा विचारतो, ३.९ नंतर ३.१० येतं का? त्याने मॅचमध्ये ४.५ नंतर ४.६ आणि मग पाच षटकं पाहिलेली, लग्नाच्या बायोडेटात उंची ५.११ पाहिलेली. तिथे ते टिंब नुसता आडोसा आहे, मागे सहा चेंडू नाहीतर बारा इंच. बाईंचा कागद दिला. दहावा रकाना रंगवल्यावर तोच म्हणाला, "आता एक पूर्ण झाला, चार लिहू."

आठआणे:
उंचीचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. ठीक आहे, चौकोनांचा कागद आणतो. समच्छेदाबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

खडूफळा:
दहाचे शंभर करताना ती समच्छेदच करणार आहे. तिला तसं सांगू नका, आधी रंगवू दे.

पावकी_निमकी:
आणि पंचवीस चौकोन झाले की 'पाव' म्हणायला लावा. 'वीस पाच' नको.