आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : कॅम्पिंगच्या ट्रेलरमध्ये कन्व्हर्टर कुठे बसवायचा?

सहागेज (धागाकर्ता)

'पहिला ट्रेलर घेतला, काय काय बदलू' या शेजारच्या धाग्यावर सल्ला आलाय : "जुना कन्व्हर्टर काढून नवा मागे डिनेटच्या बाकाखालीच टाका, जागा आयती आहे. वायर लांब पडली तर पडू दे. बारा व्होल्टच तर आहे, शॉक थोडाच लागणार!" खाली धन्यवादांची रांग. तिथेच भांडलो असतो तर मूळ धागा वाहून गेला असता, म्हणून हा वेगळा. नवख्यांसाठी : कन्व्हर्टर म्हणजे बाहेरून येणाऱ्या १२० व्होल्ट एसीचे १२ व्होल्ट डीसी करून बॅटरी भरणारा डबा, डिनेट म्हणजे आतलं जेवणाचं टेबल आणि बाक, आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड.

अहो, बारा व्होल्ट आहे म्हणूनच तर घोडं अडतं. १२० मधला एक व्होल्ट वाटेत हरवला तर कोणाला पत्ता लागत नाही. चार्जिंगच्या १४.४ मधला एक हरवला की बॅटरी उपाशी.

बॅटरी पुढे ए-फ्रेमवर (गाडीला जोडणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यावर), कन्व्हर्टर मागे, वायर जाऊन-येऊन ५० फूट, करंट ४५ अँपियर. ८ गेज तांब्याचा रोध हजार फुटांना ०.६२८ ओहम, म्हणजे तुमच्या वायरीत १.४ व्होल्ट खलास. ६ गेजमध्ये ०.९. ४ गेजमध्ये ०.५६, पण ती कपाटामागून वळवताना वायरीआधी माणूस वाकतो. तोच कन्व्हर्टर पुढे आणून वायर जाऊन-येऊन १० फुटांवर आणा : साध्या ६ गेजमध्ये ०.१८.

आता १२० ची बाजू बघा. ४५ गुणिले १३.६ म्हणजे ६१२ वॅट. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत लागतात ७२०, म्हणजे ६ अँपियर. पॉवर फॅक्टर गचाळ असला (म्हणजे त्याच वॅटना जास्त करंट ओढला) तर ८-९. साधी १४ गेज तेवढ्याच लांबीची टाकली तरी जेमतेम एक व्होल्ट पडेल, तोही १२० पैकी. लांबवायची असेल तर १२० ची वायर लांबवा, १२ ची आखडा.

जागा कोणती? पुढचं पास-थ्रू स्टोरेज (आरपार सामानाचा कप्पा), बॅटरीच्या पाठीला लागून असलेली भिंत. बॅटरीच्या पेटीत मात्र नाही. पाणी घालायच्या लेड-अ‍ॅसिडमधून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीची वाट बघत बसतो. गॅसच्या सिलिंडरांच्या कप्प्यात तर अजिबातच नाही.

डिनेटवाला

तो सल्ला माझा. निदान तिथे एक लिंक तरी टाकायची होती, पाठीमागून कसले वार करता.

आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धवट. ४५ अँपियर किती वेळ वाहतात? बॅटरी भरत जाते तसा करंट उतरतो. ५ अँपियरवर आला की तुमच्या त्याच ८ गेजमध्ये ०.१६ व्होल्ट पडतो. रात्री शोअर पॉवरला (कॅम्पग्राउंडच्या विजेला) लावा, सकाळी बॅटरी भरलेली. लोक झोपा काढतात तेव्हा ओहमचा नियम काम करतो.

दुसरं, बहुतेक ट्रेलरांत कन्व्हर्टर, १२० चे ब्रेकर आणि १२ चे फ्यूज एकाच खोक्यात असतात. कन्व्हर्टर पुढे नेला की फ्यूजचं पॅनेल मागेच राहणार. मग दिवे, पंप, भट्टीचा (ट्रेलर गरम ठेवणाऱ्या हीटरचा) पंखा हे सगळं त्याच लांब वायरीतून उलटं येणार. रोग तोच, फक्त खोली बदलली.

तिसरं, पास-थ्रूमध्ये लोक काय कोंबतात? ओल्या खुर्च्या, पाण्याचा पाइप, सांडपाण्याची नळी. पूर्ण लोडवर या डब्यातून शंभरेक वॅट उष्णता बाहेर पडते. त्याच्या जाळीवर ताडपत्री कोंबली की दहा मिनिटांत गरम होऊन बंद.

सहागेज

लिंक टाकायला हवी होती, मान्य. बाकी क्रमाने.

रात्रभर शोअर पॉवर असेल तर तुमचं खरं. पण जनरेटरवर चार्ज करणाऱ्याचं काय? कितीतरी कॅम्पग्राउंडांवर तो ठरावीक तासांतच लावू देतात. त्या दोन तासांत कन्व्हर्टर स्वतःच्या टर्मिनलवर १४.४ बघून 'भरत आली' म्हणतो आणि हात आखडतो, बॅटरीवर असतात जेमतेम १३.२. दुधाची तहान ताकावर. शंका असेल तर मोजा : बॅटरी १२.१ पर्यंत उतरवा, प्लग लावा, दहा मिनिटांनी आधी कन्व्हर्टरच्या टर्मिनलवर आणि मग थेट बॅटरीच्या खांबांवर मल्टिमीटर लावा. फरक ०.३ च्या वर असेल तर वायर खातेय, नाहीतर चेसिसचा ग्राउंड बोल्ट गंजलाय. हा बोल्ट कोणी बघत नाही! रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून परत आवळला की कित्येकदा अर्धा व्होल्ट तिथेच परत मिळतो. कारखान्यात रंगावरूनच स्क्रू मारणाऱ्यांना एक रात्र त्याच ट्रेलरमध्ये झोपवलं पाहिजे.

फ्यूज पॅनेलचं म्हणाल तर प्लग नसताना बॅटरीवरून ते सगळं त्याच वायरीतूनच येत होतं की. तेव्हा भट्टी चालत होती ना? २० अँपियरला ६ गेजमध्ये ०.४ पडतो. १३.६ चे १३.२ झाले, पंखा मजेत फिरतो. स्लाइड-आउटची (बाहेर सरकणाऱ्या भिंतीची) मोटर तेवढी वेगळी, तिला ३०-३० अँपियर लागतात, ती प्लग लावल्यावर थोडी कुंथेल. हे मात्र तुमचं मान्य.

झोपमोड

दोघेही व्होल्ट मोजताय, पंख्याचा आवाज कोण मोजणार? डिनेट रात्री पलंग होतो. पहाटे भट्टी लागली, लोड वाढला की कन्व्हर्टरचा पंखा डोक्याखाली घूंऽऽ करतो. पुढच्या स्टोरेजवरही बहुधा मुख्य पलंगच असतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. पलंगाच्या फळीला टांगू नका. जमिनीवर अर्ध्या इंचाच्या प्लायचा तुकडा, त्याखाली रबर, आणि हवा येण्या-जाण्याच्या दोन्ही बाजूंना ३ इंच मोकळे. वरून भोकांच्या पत्र्याची चौकट मारली की खुर्च्याही टेकत नाहीत. झाला डिनेटवाल्यांच्या तिसऱ्या मुद्द्याचा निकाल.

डिनेटवाला

ताई, पत्र्याची चौकट पटली. पण इतका आटापिटा करण्यापेक्षा बॅटरीच कन्व्हर्टरकडे आणा ना! लिथियम घ्या, डिनेटखाली ठेवा. हायड्रोजन नाही, वायर ३ फूट. विषय संपला.

हिचहायकर

विषय इथे सुरू होतो. पुढचं वजन उचलून ॲक्सलच्या मागे टाकताय, टंग वेटचा (गाडीच्या हुकवर पडणाऱ्या भाराचा) विचार केलात का?

५००० पौंडांचा ट्रेलर, टंग ६०० म्हणजे १२ टक्के. कप्लरपासून (हुकवर बसणाऱ्या तोंडापासून) ॲक्सलचा मध्य १४ फूट. ६ व्होल्टच्या दोन गोल्फ-कार्ट बॅटऱ्या मिळून १२५ पौंड, कप्लरच्या २ फूट मागे. त्यांचा टंगवर भार १२५ गुणिले १२ भागिले १४, म्हणजे १०७. त्याच ॲक्सलच्या ३ फूट मागे टाकल्या तर तिथे उलट २७ पौंड उचलतात. एकूण १३४ गेले, टंग ४६६, म्हणजे ९.३ टक्के. निदान दहा हवेत, त्याच्या खाली आलात. वायोमिंगमधल्या आय-८० वर आडवा वारा लागला आणि शेजारून ट्रक गेला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तेव्हा तो ०.१८ व्होल्ट आठवा.

डिनेटवाला

मी लिथियम म्हणालो, गोल्फ-कार्ट नाही. वाचत चला.

हिचहायकर

वाचलं. १०० अँपियर-अवरच्या दोन लिथियम मिळून ५० पौंड. पुढचे १०७ गेले, मागे ११ उचलले. टंग ४८२, ट्रेलर ४९२५, म्हणजे ९.८. अजूनही दहाच्या खाली. आणि मागच्या बंपरवर सायकली टांगल्या की मग आकडे लिहायला मी नसेन.

झोपमोड

पण लिथियम बाहेर ए-फ्रेमवर ठेवून कसं चालेल? ० सेल्सिअसखाली चार्ज केली की आतल्या पट्टीवर लिथियम धातूचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. चांगला बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) चार्जिंगच तोडतो. मिनेसोटात ऑक्टोबरच्या सकाळी मग जनरेटर लावून नुसता धूर करायचा.

हिचहायकर

आत ठेवा, कोण नाही म्हणतंय! पण ॲक्सलच्या पुढे : पुढच्या पलंगाखाली, कप्लरपासून ६ फुटांवर. ५० पौंडांचे २९ टंगवर राहतात. ६०० चे ५२२, म्हणजे १०.६ टक्के. तरी नंतर तराजूवर नेऊन मोजा. आणि एक गोष्ट सगळे विसरतात : ब्रेकअवे स्विचची वायर. ती थेट बॅटरीला हवी, मेन स्विचच्या पलीकडे जोडली तर स्विच बंद असताना ट्रेलर सुटला की ब्रेक लागणारच नाहीत. चार चाकांच्या ब्रेकचे मॅग्नेट मिळून १२ अँपियर घेतात, तिथे १६ गेजची लांबलचक शेपटी लावू नका.

चोवीसस्ट्रँड

नाशिकहून डोकावतोय. इकडे २३० व्होल्ट, त्यामुळे तुमचे ६ अँपियर इथे ३.१. पण बारा व्होल्टचं दुखणं तेच. ६ गेज म्हणजे १३.३ स्क्वेअर एमएम, इथे १६ ची घ्यावी लागते. आणि घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, रोध जवळपास दीडपट. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. वरचे सगळे हिशोब दीडने गुणा, मग भांडा.

सहागेज

हे अमेरिकेत ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त वायरीलाही लागू आहे. लेबलवर 'सीसीए' लिहिलेलं असतं, लोक वाचत नाहीत.

डिनेटवाला

बरं. पुढच्या पलंगाखाली लिथियम, शेजारी कन्व्हर्टर, तुम्हा सगळ्यांच्या मनाची शांती. फ्यूज कोणत्या टोकाला घालू, की त्यावर तिसरा धागा काढताय?

सहागेज

बॅटरीच्या टोकाला. शॉर्ट झाला की खरा मारा तिथूनच येतो, कन्व्हर्टर ४५ च्या वर फार देऊच शकत नाही. ४५ च्या कन्व्हर्टरला ६ गेज आणि ६० चा फ्यूज, बॅटरीपासून १८ इंचांच्या आत. लिथियमला मुख्य फ्यूज क्लास-टी घ्या, शॉर्टमध्ये ती हजारो अँपियर ओतते आणि साध्या फ्यूजमध्ये ठिणगी तशीच टिकून राहू शकते. कन्व्हर्टरवर लिथियमचा चार्जिंग प्रोफाइल, १४.४ ते १४.६ व्होल्ट. धातूच्या डब्यापासून चेसिसला वेगळी ८ गेज तांब्याची वायर, एनईसीच्या (अमेरिकी विद्युत नियमावलीच्या) कलम ५५१ मध्ये किमान तेवढीच सांगितलीय. मागच्या खोक्यातून जुना कन्व्हर्टर काढलात की त्याच्या १२० च्या वायरी उघड्या सोडू नका. त्याच १५ च्या ब्रेकरवरून पुढे न्या.

डिनेटवाला

करतो. तिकडची पोस्ट संपादित करतोय. 'जागा आयती आहे' एवढं वाक्य ठेवतो, ते अजूनही खरंच आहे.