मदत हवी आहे : ड जीवनसत्त्व आणि श्वसनमार्गाचे विषाणुसंसर्ग

ड जीवनसत्त्वामुळे श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशी कॅथेलिसिडिन हे सूक्ष्मजंतुरोधक द्रव्य अधिक प्रमाणात तयार करतात, इतपत मला समजले आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात रोज किंवा दर आठवड्याला मात्रा घेणाऱ्यांना, विशेषतः ज्यांची रक्तातील पातळी मुळातच फार कमी होती त्यांना, संरक्षण मिळाल्याचे दिसले. एकदम दिलेल्या मोठ्या मात्रेचा मात्र तसा उपयोग झाला नाही, आणि मला हाच भाग अधिक कुतूहलाचा वाटतो. मोठ्या मात्रेनंतर हे जीवनसत्त्व निष्क्रिय करणारे विकर (एन्झाइम) वाढते, एवढे स्पष्टीकरण पुरेसे आहे का? शिवाय, पातळी पुरेशी असताना केवळ सर्दी-फ्लू टाळण्यासाठी गोळ्या घेण्यास काही आधार आहे का? जाणकारांनी कृपया सांगावे.