मदत हवी आहे: जुनी पिकअप गायमुखच्या चढावर दम टाकते, इंजिनाची ताकद वाढवायची आहे

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमध्ये आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. ग्रिल, गेट, शेडचे सांगाडे अशी कामं. मालासाठी २००९ ची बोलेरो पिकअप आहे. २५२३ सीसी डिझेल, टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) आहे, डिझेलचा पंप जुना मेकॅनिकल. वडिलांनी ती नवी घेतली होती आणि दहा वर्षं स्वतः चालवली. गाडी ठेवायची हे घरात पक्कं आहे, त्यामुळे ‘विकून नवी घ्या’ एवढं सोडून बाकी सगळं सांगा.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पाइप-अँगल भरून शिळफाट्यावरून मुंब्रा बायपासने ठाण्यात आणतो आणि तयार माल घोडबंदर रोडने वसईकडे नेतो. त्याच रस्त्यावरचा गायमुखचा चढ ही गाडी टनभर माल घेऊन तिसऱ्यावर घ्यायची, फार तर मध्ये एकदा दुसरा टाकावा लागायचा. आता पहिल्या वळणाच्या आधीच दुसऱ्यावर येते आणि तिथेही रडते. गेल्या गुरुवारी एका सोसायटीचं गेट घेऊन चाललो होतो. अर्ध्या चढावर पाय पूर्ण दाबलेला, तरी वेग उतरतच गेला. आरशात मागचा डंपर दिसेना इतका काळा धूर. टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला तशी गाडी कडेला घेतली. हेल्परने उतरून चाकामागे दगड लावला आणि आम्ही बॉनेट उघडून वीस मिनिटं उभे राहिलो. मागून गाड्या हॉर्न मारत होत्या. त्या वीस मिनिटांत मला खरंच भीती वाटली. गेट साडेतीनशे किलोचं होतं, गाडी मागे सरकली असती तर काय झालं असतं हे अजून डोक्यातून जात नाही.

तीन मेकॅनिकना दाखवली. पहिला म्हणाला, बोअर करून (म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून) नवे रिंग-पिस्टन टाका. दुसरा म्हणाला, पंपाचं डिझेल वाढवून देतो, संध्याकाळपर्यंत गाडी उडेल. तिसऱ्याकडे अपघातातल्या नव्या गाडीचं इंजिन आहे, तो ते बसवून द्यायला तयार आहे. तिघंही ठाम. इंजिनातला दाब मोजायचं गेज मात्र एकानेही लावलं नाही, आणि मला तेच खटकलं.

माझ्याकडून आतापर्यंत एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बदलून झाले, ऑइलही नवं आहे. फरक शून्य. ऑइल थोडं खाते, दोन महिन्यांत लिटरभर. दिवाळीच्या सुमारास मागचे टायर बदलले तेव्हा दुकानदाराकडे आधीच्या मापाचे नव्हते म्हणून जरा उंच टायर बसवले. त्याचा काही संबंध असेल का, माहीत नाही.

सुरुवात कुठून करू? इंजिन बदललं तर आरटीओचं काय? पासिंग दर वर्षी करावं लागतं, तिथे अडकायला नको. घाई नाही, पण पावसाळ्याआधी गाडी भरवशाची व्हायला हवी.

प्रतिसाद

दादा, तुर्भ्याला एपीएमसीच्या गाड्यांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. ताकद वाढवायचं नंतर बघू, आधी गेलेली ताकद शोधा.

साधा हिशोब करा. गाडी आणि माल मिळून तीन टन, दहा फुटांना एक फूट चढ, ताशी २० किलोमीटर वेग. एवढं वजन नुसतं वर न्यायला साधारण २२ हॉर्सपॉवर लागते. तुमच्या इंजिनाची कागदावरची ताकद याच्या दुपटीहून जास्त आहे. म्हणजे इंजिन कमी पडत नाहीये, त्याची ताकद कुठेतरी गळतेय.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीपर्यंतचे) होज बघा, क्लिपांजवळ ऑइलचा ओला डाग दिसतो का ते बघा. इंजिन चालू ठेवून साबणाचं पाणी मारा, कुणाला तरी ॲक्सिलेटर दाबायला सांगा, चीर असेल तिथे बुडबुडे येतील. पंखा-बेल्टपासून हात लांब ठेवा. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघा, हे मात्र इंजिन बंद आणि गार असताना. इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढून नोझल टेस्टरवर लावा, एखादा फवारा न मारता थेंब टाकत असेल. ते काढलेलेच असताना त्याच भोकात गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घ्या. चारही सिलिंडरचे आकडे पुरेसे आणि जवळपास सारखे आले तर बोअर करायचा खर्च वाचला. एखादा किंवा सगळेच बरेच खाली असतील तरच हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवा. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचं झाकण काढून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनखालून निसटून येणारा वायू, किती मारतं तेही बघा.

टायरचा संबंध आहे. उंची एक इंचाने वाढली तर प्रत्येक गीअरमध्ये ओढ साडेतीन-चार टक्के कमी होते. एकटं हे कारण पुरेसं नाही, पण आजारी इंजिनाला तेवढंही जड जातं. मागची चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवा, ब्रेक धरून राहिला असेल तर लगेच कळेल. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही असं होत असेल तर क्लच प्लेट बघा.

पंप वाढवायचा नादच नको. हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, की धूर वाढतो, एक्झॉस्ट तापतो, पिस्टनचं डोकं वितळतं. तुमचा काटा आत्ताच वर जातोय. पीयूसीत नापास व्हाल ते वेगळंच.

इंजिन बदलायचं तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा. आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलंय. त्याच प्रकारचं इंजिन टाकायचं तरी आधी आरटीओची परवानगी घ्या, नवा नंबर आरसीवर चढवून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. अपघातातल्या इंजिनाचे कागद नसतील तर हात लावू नका.

मूळ धागाकर्ता

काका, मनापासून आभार. आज सकाळी एवढं वाचून साबणाचं पाणी मारलं. टर्बोवरून येणाऱ्या होजला खालच्या बाजूने बोटभर चीर आहे, वरून अजिबात दिसत नव्हती. वडील शेजारीच उभे होते, त्यांनी वाकून बघितली आणि म्हणाले, ‘तरीच.’ होज उद्या मिळेल. इंजेक्टर उतरवून टेस्टिंगला दिलेत आणि कॉम्प्रेशन घ्यायला एक जण गेज घेऊन परवा युनिटवर येतोय. चारही आकडे इथे टाकतो. एक सांगा, टायर जुन्या मापाचे आत्ताच घेऊ की आकडे येईपर्यंत थांबू?